भिंतीचे खालचे चार फूट

सुरतेत एखादी भिंत कोरी दिसली तर तिची निविदा अजून निघायची आहे, एवढंच समजावं. शंभराहून जास्त पुलांचं हे शहर. पूल आला की खांब येतात आणि खांब आले की त्यांच्यावर मोर येतो. मोरापाठोपाठ हिरा, साडीचा पदर, पद्मासनातली बाई, गांधीजींचा चष्मा आणि डब्यात कचरा टाकणारा एक कमालीचा आनंदी मुलगा. कचरा टाकताना इतकं खूश झालेलं मूल मी आजवर एकाही घरात पाहिलेलं नाही. पुलाखाली मात्र ते दर तिसऱ्या खांबाला भेटतं.

हा सगळा रंगोत्सव मुळात प्लेगचा वंशज आहे. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला, लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी सुरतेचा कचरा पहिल्या पानावर छापला. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी शहर असं काही घासायला घेतलं की दोनेक वर्षांत सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरच्या बरोबरीने पहिला नंबर. झाडून झालं, पुसून झालं, नंबरही आला. आता उरलं काय? रंगवणं.

भिंत रंगवण्यामागचा आपला कलाविचार फारसा गुंतागुंतीचा नाही. तिथे दुसरं काही होऊ नये, एवढाच तो आहे. कोरी भिंत म्हणजे मूळव्याधीच्या खात्रीशीर इलाजाला, घरबसल्या कमाईला, माव्याच्या पिचकारीला आणि ज्याचा उल्लेख चारचौघांत करत नाहीत त्या गोष्टीला दिलेलं आमंत्रण. चित्र काढलं की माणूस घटकाभर बिचकतो. देवाचं काढलं की जास्त बिचकतो. म्हणून तर सरकारी कचेऱ्यांच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्याला देवांच्या टाइल्स बसवलेल्या असतात. राम, साईबाबा, येशू आणि मक्का इतक्या सलोख्याने एका रांगेत दुसरीकडे कुठे नांदत नसतील. मायकेलअँजेलोला हा विचार करावा लागला नाही. त्याने छत रंगवलं. तिथे पिचकारी पोचत नाही.

शाळेच्या भिंतीला हे सगळं लागू होतंच, वर शिक्षणही लागू होतं. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. पुढच्या वर्गांसाठी पालिकेचीच ‘सुमन’ हायस्कुलं आहेत आणि शिवाय खाजगी मंडळांच्या शाळा आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात सकाळी सात वाजता उभं राहिलं तर आपण सुरतेत आहोत की धुळ्यात, हे दुकानाची पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं इथे लूमवर, डाइंगच्या मिलमध्ये, मार्केटात गाठी उचलायला आली आणि राहिली. अशाच खान्देशी लोकांच्या एका मंडळाचं एक मराठी हायस्कूल आहे. नाव सांगत नाही. मंडळातली निम्मी माणसं माझ्या सोयरिकीतली आहेत आणि लग्नसराई तोंडावर आहे.

या हायस्कुलात प्रार्थनेच्या चौकासमोर एक दुमजली आंधळी भिंत होती. वर्षानुवर्षं ती कुणाला दिसली नाही. मग जूनच्या शाळा प्रवेशोत्सवाला गांधीनगरहून कुणी मोठे साहेब येणार अशी कुणकुण लागली आणि ती एकाएकी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. बैठक बोलावली गेली. अध्यक्ष, म्हणजे मार्केटात साड्यांची दलाली करणारे आप्पा, सचिव, मुख्याध्यापक, इतिहासाचे सर, विज्ञानाच्या बेन, आणि रंगाचा खर्च देऊ करणारे नाना. चित्रकलेच्या सरांनाही निरोप होता, पण ते त्या दिवशी मतदारयादीच्या कामाला गेले होते. भिंतीसमोर रोज हात जोडून उभी राहणारी मुलं बैठकीला असण्याचा प्रश्नच नव्हता.

नानांनी सरस्वती सुचवली. सरस्वतीला कुणाचाच विरोध नसतो. पण शेजारच्या शाळेने आधीच सरस्वती काढून घेतली होती आणि तिचा हंस बघता बघता बदक झाल्यामुळे तिथली मुलं प्रार्थनेत हसतात, ही बातमी मुख्याध्यापकांपर्यंत पोचलेली होती.

विज्ञानाच्या बेननी ‘बोलक्या भिंती’ सुचवल्या. इमारतच शिकवेल असं काही करावं, ही वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांची कल्पना. ती ‘बाला’ या नावाने देशभरच्या शाळांत पोचली. दार उघडलं की किती अंशांचा कोन झाला ते दाराखालीच जमिनीवर आखलेलं, खिडकीच्या गजांत अपूर्णांक, पायऱ्यांवर पाढे. कल्पना अव्वल आहे यात वाद नाही. पण आपल्याकडे ती भिंतीला लागेस्तोवर बहुतेक ठिकाणी तिचे पाढेच उरतात. सतराचा पाढा मुलं चढताना पाठ करतात आणि उतरताना विसरतात. याच हायस्कुलाच्या व्हरांड्यात जुनी सूर्यमाला आहे. २००६ साली प्लूटोची ग्रहपदावरून उचलबांगडी झाली, हे कळल्यावर कुणीतरी त्याच्यावर पंचकोन काढून त्याचा फुटबॉल केला आहे. शेजारचा भारताचा नकाशा तर कायम दुरुस्तीला असतो. २०१४ ला तेलंगण वेगळं काढलं, २०१९ ला लडाख. २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले म्हणून त्यांना एकाच रंगाचा हात मारला. दादरा-नगर हवेली सुरतेच्या इतकी जवळ, तरी पेंटरने हा हात मारताना वलसाड जिल्ह्याचा एक कोपराही सोबत घेतला. बेनचा प्रस्ताव या नकाशाकडे बोट दाखवूनच फेटाळण्यात आला.

मग इतिहासाच्या सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “शिवाजी महाराज.”

याला नाही म्हणायची कुणाची छाती? सगळ्यांनी माना हलवल्या. मग आप्पांनी हळूच विचारलं, “प्रसंग कोणता घ्यायचा, सर?” आणि खोलीत शांतता पसरली. सुरतेतल्या मराठी माणसाची ही जुनी पंचाईत आहे. महाराष्ट्रातल्या शाळेत हा प्रश्न पडत नाही. तिथे महाराज आणि सुरत हे शब्द एका वाक्यात अभिमानाने उच्चारता येतात. इथे शाळेच्या गेटबाहेर पडलं की समोर सुरत उभी असते आणि तिच्याकडे आपलं दुकानाचं भाडं थकलेलं असतं.

सर मात्र हटले नाहीत. खरं म्हणजे त्यांची बाजू बिनतोड होती. १६६४ च्या जानेवारीत महाराज इथे आले तेव्हा शहराला होती ती मातीची भिंत. विटांची पक्की भिंत बांधा असा हुकूम औरंगजेबाने त्यानंतर काढला. म्हणजे सुरतेची पक्की भिंत ही महाराजांमुळे आहे, आणि भिंतीवर चित्र काढायचं तर भिंतीचं श्रेय नको का द्यायला? शिवाय त्या धामधुमीतही मोहनदास पारेख नावाच्या डच वखारीच्या दलालाच्या घराला कुणी हात लावला नाही. दलाल तेव्हा हयात नव्हता, पण फार दानशूर होता असं कळल्यावरून महाराजांनी ते घर सोडलं. ही हकीकत बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवली आहे. “दलाल होता?” आप्पांनी सावरून बसत विचारलं. “दानशूर होता?” नानांनी विचारलं. हा प्रसंग जवळजवळ मंजूर झालाच होता. पण घर न लुटल्याचं चित्र कसं काढायचं, हे कुणालाच सांगता येईना. चित्रात बाकीची घरं दाखवावी लागतात.

सरांनी मग १९०७ काढलं. २७ डिसेंबर, तापीकाठी भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन, व्यासपीठावर टिळक, आणि सभेतून भिरभिरत आलेला एक जोडा. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि पुढे फिरोजशहा मेहतांना घासून गेला. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज वार्ताहर तिथे हजर होता. त्याने त्या जोड्याचं वर्णन इतक्या बारकाईने केलंय की चांभाराने त्यावरून जोडी बनवावी: लालसर कातडं, निमुळतं टोक, तळाला शिशाचे खिळे. जोडा मराठी बनावटीचा होता एवढं त्याने खात्रीने सांगितलं. फेकणारा कोण ते आजतागायत ठरलेलं नाही. चित्र म्हणून हा प्रसंग नामी. मध्यभागी उडता जोडा, खाली अखिल भारतीय नेतृत्व वर बघतंय. पण प्रवेशोत्सवाला येणारे साहेबही व्यासपीठावरच बसणार होते, हे सचिवांनी निदर्शनास आणलं.

जून २०२२ मध्ये महाराष्ट्राचे काही आमदार एका रात्रीत सुरतेच्या हॉटेलात येऊन उतरले, तो प्रसंग कुणी सुचवलाच नाही. त्याचा रंग अजून ओला आहे.

थोडक्यात, मराठी माणूस सुरतेला घोड्यावरून आला, अधिवेशनाला आला किंवा रात्री लवाजम्यासह हॉटेलात आला, तर त्याचा इतिहास होतो. भुसावळहून येणाऱ्या पॅसेंजरमधून उधना जंक्शनला हातात वायरची पिशवी घेऊन उतरला, तर होत नाही.

शेवटी राज्याभिषेकावर एकमत झालं. रायगड, १६७४, सुरतेशी संबंध नाही, कुणाचा आक्षेप असण्याचं कारण नाही. ठराव लिहून सह्या झाल्यावर सरांनी चष्मा पुसत सांगितलं की राज्याभिषेकाच्या प्रसिद्ध चित्रात टोपी हातात घेऊन वाकलेला जो इंग्रज दिसतो तो हेन्री ऑक्झेंडन. आणि १६६४ साली सुरतेची इंग्रज वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन त्याच घराण्यातला. त्याची घुमटदार कबर आजही कतारगामच्या बाजूला उभी आहे. सुरत टाळायला रायगडावर जावं, तर तिथेही सुरत दरबारात वाकून मुजरा करतेय. आप्पा म्हणाले, “राहू द्या. टोपीवाला कोण आहे हे साहेबांना कुठे माहीत?”

सगळ्यांचं समाधान व्हावं म्हणून राज्याभिषेकाला चहूबाजूंनी वारलीची किनार ठरली आणि बेनसाठी एका कोपऱ्यात पाढे.

आता पेंटर. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा धंदा बसला. शाळा आणि पुलाचे खांब यांच्यावरच त्याची चूल पेटते. त्याचा हिशेब चौरस फुटावर, आणि आकाशाला अन् राज्याभिषेकाला भाव एकच. कलेच्या इतिहासात या एका अटीने जेवढे परिणाम घडवले असतील तेवढे कुठल्या वादाने घडवले नाहीत. रायगडावरचं आकाश दिवसागणिक मोठं होत गेलं आणि दरबार आकसत गेला. अष्टप्रधानांपैकी पाचच आले. सरांनी विचारलं, “भाई, बाकीचे तिघे कुठे?” पेंटर ब्रश न थांबवता म्हणाला, “साहेब, वो पीछे खडे है.” ऑक्झेंडनला त्याने काऊबॉयची हॅट दिली. खालची मराठी अक्षरं त्याने गुजराती वळणाने काढली, सगळा मजकूर झाल्यावर रंगात बुडवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरली आणि एका फटक्यात सगळ्या शब्दांना मिळून एकच शिरोरेषा दिली. लांबून बघणाऱ्याला ते सारं वाळत घातलेल्या धुण्यासारखं दिसतं.

वारलीचं असं की आता ती कुठेही चालते. कम्युनिटी हॉल असो, सार्वजनिक शौचालय असो की वातानुकूलित बँक, तारपा नाच चालूच. मुळात वारली घरात लग्न असलं की सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. आत पालघट देवी. लग्न उरकलं की त्या चौकाचं काम संपलं. पुढे भिंतीच्या मर्जीने तो उडाला तर उडाला. पुरुषांचं हे कामच नव्हतं. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या सुमारास लग्नाबिग्नाची वाट न पाहता रोज चित्रं काढायला घेतली. ती भिंतीवरून कागदावर आली, परदेशांत गेली आणि २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या पेंटरने मात्र राज्याभिषेकाभोवती जी वारली माणसं नाचवली त्यांतला एक लॅपटॉपवर बसला होता आणि एकाच्या तोंडाला मास्क होता. नमुना त्याने मोबाइलमधून घेतला होता आणि नमुना २०२० चा होता.

चित्र पूर्ण होत आलं असताना एक पालक फी भरायला आले. पांडेसऱ्याच्या एका प्रिंट मिलमध्ये ते कलर किचनला आहेत. साडीवर छापायचे रंग जिथे मोजून, ढवळून, गाळून तयार होतात त्या खात्याला तिथे कलर किचन म्हणतात. गृहस्थ भिंतीसमोर थांबले आणि म्हणाले, “हाई काय काढी ऱ्हायनात भाऊ?” पेंटरला अहिराणी कळली नाही, पण सूर कळला. तो म्हणाला, “राज्याभिषेक.” पालक म्हणाले, “तो दिसला. केसरी कुठला घेतला?” मग त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, नळाखाली भिजवला, पिळला, बोटाभोवती गुंडाळला आणि रायगडाच्या झेंड्यावर दहा वेळा खाली-वर घासला. मिलमध्ये कापडाचा रंग सुटतो का ते पांढऱ्या फडक्याने असंच घासून बघतात. रुमाल केसरी झाला. त्यांनी तो मुख्याध्यापकांसमोर धरला. “पश्चिमेची भिंत आहे. पुढच्या दिवाळीला पिवळा, त्याच्या पुढच्या दिवाळीला पांढरा. पार्टी माल परत पाठवेल, सर.”

सुरतेत असे हजारो लोक आहेत. पंधरा निळ्यांतला नेमका निळा ते नुसत्या नजरेने बाजूला काढतात. त्यांच्या मुलांच्या शाळेची भिंत रंगवायची वेळ आली की त्यांना फक्त फीच्या खिडकीवर बोलावलं जातं.

या जिल्ह्यात असं नेहमीच होत नव्हतं. १९३८ च्या फेब्रुवारीत तापीकाठच्या हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सुभाषबाबू, एक्कावन्न बैल जोडलेल्या रथातून त्यांची मिरवणूक. सजावटीसाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांना शांतिनिकेतनातून बोलावून घेतलं. गाव काँग्रेसला येणार तर गावाला चित्रंही जाता-येता दिसावीत, हा हेतू. नंदलाल आणि त्यांच्या मंडळींनी हातकागदावर मातीच्या रंगांत चारशेच्या आसपास फलक केले. त्यांतले ऐंशीच्या वर खुद्द नंदलालांच्या हातचे. ते दाराकमानींवर, मंडपांवर लावले गेले. आता सांगा, इतक्या फलकांवर काय असेल? आपल्या मंडळाला हे काम दिलं असतं तर चारशे नेते सहज निघाले असते, वर ‘सौजन्य’ वेगळं. हरिपुऱ्याच्या फलकांवर ढोलकी वाजवणारा आहे, सूत कातणारी आहे, जोडे शिवणारा आहे, सुतार आहे, पोर कडेवर घेतलेली आई आहे, बैल आवरणारा गडी आहे. म्हणजे मंडपाखालून चालत जाणारा माणूस मान वर करतो आणि वर त्यालाच बघतो. आज त्यातले बरेच फलक दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सांभाळून ठेवले आहेत. सुरतेच्या एकाही शाळेच्या सहलीत हरिपुरा आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सहल वॉटर पार्कला जाते. याच नंदलालांनी पुढे बडोद्याच्या कीर्तिमंदिरात गायकवाडांसाठी भिंती रंगवल्या. तेही आपल्यापैकी बहुतेकांना बडोद्याला लग्नाला गेल्यावर, जेवणाला वेळ असेल तर, कळतं.

असो. प्रवेशोत्सव झाला. साहेब आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, “सरस,” म्हणाले आणि पाणी प्यायले. नानांचं नाव सिंहासनापेक्षा किंचित मोठ्या अक्षरांत आलं होतं, ते त्यांनी वाचलं. पावसाळ्यात पश्चिमेच्या ओलीने लोणा लागला आणि ऑक्झेंडनच्या हॅटसकट पोपडा निघाला. इतिहासाच्या सरांना तेवढंच बरं वाटलं.

पण खरी गोष्ट अजून सांगायचीच आहे. चित्र जमिनीपासून सुरू होत नव्हतं. खालचे चार फूट सोडले होते. पोरं हात पुसतात, पाठ टेकतात, एक पाय मागे दुमडून बूट लावतात, म्हणून आपल्या सगळ्या शाळांत असतो तसा तिथे चॉकलेटी ऑइल पेंटचा पट्टा. डाग दिसू नये हा त्याचा एकमेव गुण. त्या पट्ट्याचा विचार बैठकीत कुणी केला नाही, इतिवृत्तात त्याचा शब्द नाही आणि नानांनी त्याचे पैसेही कापून घेतले होते. चॉकलेटी पट्टा आणि वर्गातला पांढरा खडू यांची गाठ पडायला किती वेळ लागणार?

आधी नेहमीचं आलं. बाण गेलेलं हृदय, अमक्याचं तमकीशी जमवलेलं नाव, गणिताच्या सरांचं टक्कल. एकाने कर्कटकाने स्वतःचं नाव इतकं खोल कोरलं की त्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेण्यात आलं. मला तो प्रकार फार गंभीर वाटत नाही. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाच्या फौजी अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहा नंबरच्या लेण्यात शिरून आपलं नाव आणि तारीख चित्रावरच खरवडली, त्याला आपण लेण्यांचा शोध लावणारा म्हणतो. तो मलब्याच्या ढिगावर उभा होता, त्यामुळे त्याचं नाव आज डोक्याच्या कितीतरी वर दिसतं. आमचा पोरगा जमिनीवर उभा होता, म्हणून पकडला गेला.

नावं, बाण आणि टकलं संपल्यावर पट्ट्यावर वेगळंच यायला लागलं. एक आगगाडी आली. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत नऊ-दहा फूट लांब, दारादारांत लटकलेली माणसं, खिडकीतून बाहेर आलेला कोंबडीचा पाय. डब्यावर ‘भुसावळ’. मग एक टेम्पो, त्यावर साड्यांच्या गाठी आणि गाठींवर झोपलेला माणूस. मग लूम, त्याचा शटल, त्याची चाकं, त्याचा पट्टा सगळं जिथल्या तिथे, कारण काढणाऱ्याने ते रोज डबा पोचवताना पाहिलेलं. एका मुलीने आपली आई काढली होती. आई जमिनीवर मांडी घालून बसली आहे, पुढ्यात साडी, हातात चिमट्याएवढी काडी, आणि साडीवर डिंकाने चिकटवलेले खडे. खड्यांच्या जागी मुलीने खडूचे बारीक ठिपके दिले होते, तेही सरळ रेघेत नव्हे तर नक्षीच्या वळणात. लिंबायतच्या अर्ध्या घरांत दुपारी हेच चालतं. साडीमागे काय मिळतं, तो आकडाही तिने कोपऱ्यात लिहिला होता.

चॉकलेटी भुईवर पांढरी रेघ. पेंटरने मोबाइलमधून उतरवलेली वारली वर नाचत होती आणि खाली, कुणी न सांगता, वारलीची मूळ अट पाळली जात होती: जे आपल्या घरी घडतंय ते, मिळेल त्या पांढऱ्याने, सारवलेल्या भिंतीवर.

शिपाईमामा रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पट्टा पुसतात. सकाळपर्यंत तो वाळतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत भरतो. वर राज्याभिषेक एकदाच काढला, तो फिका पडतोय. खाली दर दिवशी नवं येतं. चित्रकलेचे सर मतदारयादीतून मोकळे झाले आहेत. ते मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन तिथे उभे असतात आणि काही बोलत नाहीत. सर म्हणून त्यांनी केलेलं हे सर्वांत चांगलं काम आहे, असं माझं मत आहे. मुख्याध्यापक मात्र त्या जागी ‘येथे लिहू नये’ अशी पाटी लावायच्या विचारात आहेत. ती पाटीही पेंटरलाच रंगवायला देणार, आणि तिचाही भाव चौरस फुटानेच.

तेव्हा सुरतेतल्या, आणि सुरतेबाहेरच्याही, शाळांच्या मंडळांना एवढीच विनंती. वर राज्याभिषेक काढा, सरस्वती काढा, सूर्यमाला काढा, प्लूटोचं काय ते ठरवा. वरच्या भिंतीशी आमचं भांडण नाही. खालचे चार फूट तेवढे ठरावात घेऊ नका. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर दिवाळीचा उरलेला चॉकलेटी ऑइल पेंट असेल तर तो जवळच्या शाळेत नेऊन द्यावा. सोबत खडूचा एखादा डबा दिला तर उत्तम. देणाऱ्याने नाव लिहिण्याचा आग्रह धरू नये. मोहनदास पारेखांबद्दलही महाराजांना लोकांनीच सांगितलं होतं.